मधला आवाज धर

प्रिय मुली,

जॅझमध्ये चार जण वेगवेगळ्या सुरांत एकदम गायला लागले की कुणाचं ऐकावं तेच कळत नाही, असं तू लिहिलंस. न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा माझंही हेच व्हायचं. न्यूअर्कचं जॅझचं रेडिओ केंद्र डब्ल्यूबीजीओ, ८८.३, लावून मी कामावर जायचो. सॅक्सोफोन लगेच आवडला, पण गायकांचा चमू लागला की कान वरच्या आवाजाला चिकटायचा आणि बाकीचा नुसता गलबला वाटायचा.

तू वरचा आवाज सोडून दे. मधला शोध आणि तो धरून गुणगुण. हा आवाज दिसायला साधा असतो, दोन-तीन सुरांतच घोटाळत राहतो. पण तू एकच सूर धरून बसलेली असताना खालचा आवाज हलतो, आणि मघाचा तुझा पंचम आता गंधार झालेला असतो. तू जागची हललेलीसुद्धा नसतेस! षड्जचालन, म्हणजे सा बदलला की त्याच सुरांची नावं बदलणं, तू शिकली आहेस. इथे ते दर दोन मात्रांनी तुझ्या गळ्याभोवती घडतं. मला ते पहिल्यांदा जाणवलं त्या दिवशी गाडी पार्किंगमध्ये उभी करून मी गाणं संपेपर्यंत बसून राहिलो. डोळे भरून आले होते.

आपल्या कानाला हे परकं आहे, असं मात्र म्हणू नकोस. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो ना? तो कुणी छेडलेला नसतो. पियानोचा गंधार त्याहून किंचित चढा, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भागांनी. पियानो थांबतो आणि नुसते गळे उरतात तेव्हा चांगले गायक त्या स्वयंभू गंधाराकडे सरकताना मला ऐकू येतात. ते तुलाही ऐकू येईल, कदाचित माझ्या आधी.

अडेल ते वेगळ्याच ठिकाणी. सा आणि रे एकदम लागले की तुला बोचेल. हाय-लोज या चौघांच्या गाण्यात असे शेजारी सूर पावलोपावली भेटतात. तिथे रेडिओ बंद करू नकोस. तो बोचरेपणा पुढे कुठे विरतो ते बघ.

लॅम्बर्ट, हेन्ड्रिक्स आणि रॉस हे तिघं लागले तर काम बाजूला ठेव. १९५७ साली जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची गाणी गळ्यांनी गायची म्हणून त्यांनी मोठा चमू जमवला होता. त्या गायकांना लयीचा झोका जमेना. शेवटी तिघांनीच टेपवर आवाजावर आवाज चढवत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळ्यांच्या जागा गाऊन काढल्या. ॲनी रॉसचा उंच आवाज तुला आपसूक ओढून नेईल. नेऊ दे. दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा हेन्ड्रिक्सच्या मागे जा.

गायकांची नावं पाठ करायची घाई नको. कोणता आवाज धरलास, कुठे सुटला, तेवढं लिही.

तुझा,
काका