ब्रिटनमध्ये भाड्याचं घर बघताना आधी दार बघा

तुम्ही विचारलंय की लेस्टरला घर घेताना भाडं आणि एरिया सोडून काय तपासावं, आणि व्हिडिओवर घर दाखवताना एजंट ‘डोअर इज ऑन द लॅच’ म्हणाला तो काय प्रकार. लहान मूल घेऊन येताय, म्हणून सविस्तर लिहितो.

दार नुसतं लोटलेलं आहे, किल्ली लागणार नाही, असं तो सांगत होता. विटांच्या जुन्या टेरेस घरांना (म्हणजे ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांना) बऱ्याचदा लाकडी दार आणि नाइट लॅच असतं, आपल्याकडच्या फ्लॅटला असतं तसंच. दार ओढलं की बंद. किल्ली आत, आपण बाहेर. पुण्यात शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली ठेवलेली असते. इथे सुरुवातीला तसं कोणीच नसतं, आणि जानेवारीत अंगात स्वेटरही नसताना मूल आत अडकलं तर जीव कासावीस होतो. लॅचला आतून एक छोटा खटका असतो, त्याला स्निब म्हणतात. तो सरकवला की दार लागत नाही. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला जाताना खटका सरकवा, नाहीतर किल्ली खिशात टाका. घराचा ताबा घ्याल त्याच दिवशी दोघांनीही हे करून बघा.

नव्या घरांना बहुधा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचं) किंवा काँपोझिट (वेगवेगळ्या साहित्याच्या थरांचं) दार असतं. ते नुसतं ओढून कुलूप लागत नाही. हँडल वर उचलायचं, म्हणजे चौकटीत अनेक ठिकाणी आकडे बसतात, आणि मग किल्ली फिरवायची. आतल्या बाजूला किल्लीचं भोक आहे की हाताने फिरवायची कळ, हे एजंटला नक्की विचारा. मी कळच मागेन. रात्री आग लागली तर धुरात किल्ली शोधत बसायची वेळ येऊ नये. मूल चालायला लागलं असेल तर ते कळ फिरवून रस्त्यावर जाऊ शकतं, म्हणून वर उंचावर साखळी हवी.

दारातच पत्र टाकायची फट असते. तिच्यातून आकडा घालून किल्ल्या ओढणारे चोर इथे आहेत, तेव्हा पॅसेजमधल्या टेबलावर किल्ल्या ठेवू नका. फ्लॅट घेतलात तर जड, आपोआप मिटणारं फायर डोअर मिळेल. एफडी ३० म्हणजे ते साधारण ३० मिनिटं आग थोपवतं. पाचर लावून ते उघडं ठेवू नका, आणि मुलाची बोटं सांभाळा.

घरमालक पाहणीला येणार असेल तर इंग्लंडमध्ये किमान २४ तास आधी लेखी कळवावं लागतं. अचानक आला तर ‘आज सोयीचं नाही’ असं खुशाल सांगा.

बोलण्यात दार सतत येतं. ‘कॅन यू गेट द डोअर?’ म्हणजे दार उघडा. तुमचे यजमान नोकरीवर रुजू झाले की साहेब म्हणेल, ‘माय डोअर इज ऑल्वेज ओपन’, म्हणजे कधीही येऊन बोला. बहुतेकदा तो मनापासून म्हणतो, तरी वेळ ठरवून जावं. तुम्हाला स्वतःला काम शोधायचंय, तर ‘फुट इन द डोअर’ ऐकाल : लहान का होईना, शिरकाव होणं. एजन्सीमार्फत मिळालेलं तात्पुरतं काम कमी लेखू नका, इथला पहिला रेफरन्स तिथूनच मिळतो.

एजंटला आजच मेल करा : दार कोणत्या प्रकारचं, आतून कळ आहे का, किल्ल्यांचे संच किती. दोघांना दोन हवेतच, तिसरा मागून घ्या.