हस्तिदंती की बेज?

प्रश्न : नाशिकच्या आमच्या जुन्या फ्लॅटला रंग द्यायचा आहे. दिवाणखान्याची एकमेव मोठी खिडकी उत्तरेला असून खाली हिरवट करडी कोटा फरशी आहे. पिवळसर झाक असलेला हस्तिदंती आणि किंचित गुलाबी झाक असलेला बेज असे दोन रंग शेड कार्डावरून निवडले आहेत. पेंटरच्या मते दोन्हींत फारसा फरक नाही. कोणता घ्यावा?

उत्तर : कार्डावरच्या इवल्याशा चौकोनात फरक जाणवत नाही, हे खरे, पण चारही भिंतींना एकच रंग लागला की त्या एकमेकींवर आपली छटा टाकतात, आणि आज नगण्य वाटणारा गुलाबीपणा उद्या चांगलाच डोळ्यांत भरतो. तुमच्याकडे त्याला फरशीचीही साथ मिळेल, कारण हिरव्याशेजारी लालसर छटा अधिकच लाल भासते. हा नियम शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये मांडला. कोटा फरशीवर बेज लावणाऱ्यांना तो न वाचताच कळतो. तेव्हा माझा कौल हस्तिदंतीला.

मात्र हस्तिदंतीतही निवड हवी. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड मुख्यतः आकाशाचा, म्हणजे निळसर असतो, आणि त्यात लिंबाकडे झुकणारा पिवळा हिरवट, आजारी दिसू लागतो. म्हणून किंचित गेरूची झाक असलेली छटा मागा. कार्डावर प्रकाश परावर्तनाचा आकडा दिलेला असल्यास (काळ्यासाठी ०, शुभ्र पांढऱ्यासाठी १००) तो सत्तरच्या वर असावा. घरात ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी असतील, तर आधी ते बदलून ३००० केल्विनचे पिवळसर लावा. पांढऱ्या एलईडींच्या थंड प्रकाशात कोणताही उबदार रंग फिका पडतो.

पेंटर बहुधा भिंतीवर दोन पट्टे शेजारी-शेजारी मारून दाखवतील, पण तसे केल्यास एक रंग दुसऱ्याला बिघडवतो. त्यापेक्षा दोन-दोन फुटांच्या हार्डबोर्डवर प्राइमर आणि रंगाचे दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे फरशीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नाशिकमध्ये भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवसांतल्या उजेडावरून निर्णय घेऊ नका.

बेज फारच आवडला असेल, तर पश्चिमेच्या एखाद्या खोलीत, सागवानी कपाटामागे तो शोभेल.