वाचकांचे प्रश्न : वाफेच्या नायकाचे पाणी

प्रश्न : वाफेवर चालणारे चिलखत घालून लढणाऱ्या नायकाच्या कादंबरीचा दुसरा भाग मी करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचला. पहिल्या भागात बॉयलरमधील पाणी संपत आले की त्याला माघार घ्यावी लागे. आता तो रात्रभर न थांबता लढतो, आणि त्यामुळे माझा विरस झाला. कल्पित कथेकडून मी अवाजवी अपेक्षा करतो आहे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. चांगला दगडी कोळसा एक किलो जाळला, तर साधारण सहा ते आठ किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे अशा नायकाला इंधनापेक्षा पाण्याचेच ओझे अधिक वाहावे लागते, आणि पहिल्या भागातील सारा थरार नेमका या ओझ्यातून निर्माण झाला होता. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करता येते. जेम्स वॉट यांनी स्वतंत्र संघनकाचे पेटंट १७६९ मध्येच घेतले होते. लेखकाने चिलखताला तसा संघनक जोडून त्याचे वाढलेले वजन नायकाच्या खांद्यावर टाकले असते, तर त्याचे रात्रभर लढणे आम्हीही आनंदाने मान्य केले असते. शक्ती वाढवण्यास आमची हरकत नाही. तिची किंमत कोणी मोजली, हे मात्र कथेत दिसले पाहिजे. खलनायिकेच्या कारखान्याचे प्रकरण तेवढे पुन्हा वाचा, कारण तिथे प्रत्येक झडपेचा हिशेब चोख ठेवलेला आहे.