लॉगबुक त्याच दिवशी लिही

भोसरी एमआयडीसीत ट्रेनिंग सुरू होतंय ना तुझं? मग लॉगबुक रोजच्या रोज लिही, शनिवारवर ढकलू नकोस. मी ढकलायचो. तीन आठवडे 'सीएनसी मशीनचे निरीक्षण केले' एवढंच लिहिलं आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एका प्रश्नाचं उत्तर सुचेना.

खिशात छोटी डायरी ठेव. शॉपवर त्यात टिपायचं, डाग पडले तरी चालतील, आणि रात्री पक्क्या वहीत उतरवायचं. आकडे मात्र हवेतच. समजा 25 h7 (लहान h) चा शाफ्ट, गोल दांडा, आहे. 25 हे मिमीतलं माप आणि h7 ही त्यात चालणारी सूट, म्हणजे व्यास 24.979 ते 25.000 मिमीच्या आत पाहिजे. मायक्रोमीटरवर 25.01 आलं, ऑपरेटरकाकांनी इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) झीज बघून ऑफसेट (मशीनमधली टूलची मापदुरुस्ती) बदलला, पुढचा पीस 24.99 आला. एवढं चार ओळींत लिहिलंस की ते डोक्यात पक्कं बसतं. व्हर्निअर का नाही वापरला? त्याचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) 0.02 मिमी, इथे तो पुरत नाही. हे 'का' लिहायला विसरू नकोस, माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे.

कंपनीचं ड्रॉइंग विचारल्याशिवाय उतरवू नकोस. आणि सुपरवायझरची सही दर आठवड्याला घे. शेवटच्या दिवशी साहेब दुसऱ्या शिफ्टला असले की पंचाईत होते.