प्रार्थना करते, पण भेटायला जात नाही

प्रश्न : मी रोज प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही. शेजारच्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांच्यासाठीही प्रार्थना करते, पण त्यांच्या खोलीतला वास सहन होत नाही म्हणून जात नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : खोटा नाही हो ताई, अर्धाच म्हणा. मामंजी आजारी होते तेव्हा पहिले चार दिवस मीही पदर नाकाला लावूनच आत जायची. पाचव्या दिवशी त्यांची वाढलेली नखं कापायला घेतली आणि वासाचं विसरूनच गेले.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला शोमरोनी (शोमरोन प्रांतातला माणूस) आठवा. लुटारूंनी मारहाण केलेला एक माणूस वाटेत जखमी पडला होता. याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) बाजूने निघून गेले. तेही प्रार्थना करणारेच. शोमरोन्याने मात्र जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची कमाई. त्याला 'कळवळा आला' म्हणताना मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून घेतलाय. आपण आतडं तुटतं म्हणतो ना, तसाच. (त्याने आधी नाक दाबलं का, ते लूकने लिहिलेलं नाही!)

उद्या नेलकटर घेऊन जा. बोलायला काही सुचलं नाही, तर आजींचे केस विंचरा.