घरी बिअर करताना वर्ट उतू जातं, कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगडीवर, 5 गॅलनच्या पातेल्यात एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे माल्टच्या तयार आटवलेल्या अर्काची, बिअर करता. लवकर उकळावं म्हणून झाकण ठेवलंत आणि दोन्ही वेळा वर्ट, म्हणजे ज्याची पुढे बिअर होते ते माल्टचं गोड पाणी, उतू गेलं.

सगळ्यात आधी ते झाकण काढा. त्याखाली फेस कधी चढला ते कळत नाही आणि वाफही कोंडते. शिवाय उकळताना वर्टमधलं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला हवं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो.

दुसरं म्हणजे पातेलं. 5 गॅलन म्हणजे 19 लिटर, आणि त्यात तुम्ही जवळजवळ काठोकाठ भरताय. फेसाला जागा लागतेच. तुमच्या पातेल्यात मी 12 लिटरच्या वर उकळणार नाही. उरलेलं पाणी शेवटी थेट फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, घालायचं. एक्स्ट्रॅक्ट वापरत असल्यामुळे तुम्हाला हे सहज जमेल. निम्मं एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या 15 मिनिटांसाठी राखून ठेवा. घालताना मात्र आच बंद करा, पातेलं कॉइलवरून बाजूला घ्या, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि मगच परत ठेवा. नाहीतर ते तळाला धरतं आणि करपतं.

आता फेसाबद्दल. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. गुऱ्हाळात रस उकळायला लागला की गुळव्या काहिलीपासून हलत नसे. फेस चढला की त्यात थोडं तेल सोडायचा आणि फेस खाली बसायचा. वर्टचंही तसंच आहे. बार्लीतली प्रथिनं उकळीच्या अगदी आधी दाट, भुरा फेस धरतात. पृष्ठभाग शांत दिसतो, कडेने बारीक बुडबुडे येतात आणि बघता बघता सगळं वर येतं. उकळी चालू राहिली की प्रथिनांच्या गुठळ्या होतात, फाटलेल्या दुधासारखे कण तरंगू लागतात आणि फेस आपोआप उतरतो. याला हॉट ब्रेक म्हणतात. तिथपर्यंतची 10-15 मिनिटं जागचं हलायचं नाही. माझं पहिलं वर्ट गेलं ते हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) पुडी उघडायला मी पाठ फिरवली तेवढ्यात. तेव्हापासून शेगडी पेटवण्याआधीच सगळ्या पुड्या कापून, मोजून वाटीत ठेवतो.

गॅस बंद केला की ज्योत लगेच जाते, पण कॉइल बराच वेळ तापलेली राहते. म्हणून थर्मामीटरवर 90 अंश सेल्सियस दिसले की आच मध्यम करा, उकळी फुटायची वाट बघू नका. हाताशी थंड पाण्याची स्प्रेची बाटली ठेवा. फेस चढला की त्यावर चार फवारे मारा, लगेच बसतो. सोबत लांब दांड्याच्या चमच्याने ढवळत राहा.

तेलाची युक्ती मात्र इथे करू नका, ग्लासातल्या बिअरला फेसच धरणार नाही. त्याऐवजी फर्मकॅप-एस नावाचं फेस बसवणारं द्रव्य मिळतं. ते सिलिकॉनचं असतं. बाटलीवर सांगितलेत तेवढेच थेंब घालायचे; ते पुढे यीस्टच्या गाळाबरोबर खाली बसतं. छोट्या पातेल्यासाठी मला ते पैसे वाजवी वाटतात.

हॉप्स घालताना पुन्हा लक्ष हवं. पेलेटची (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्यांची) भुकटी पडली की तिच्याभोवती बुडबुडे धरतात आणि बसलेला फेस एकदम उसळतो. आच कमी करून चिमटीचिमटीने घाला. तेव्हा उतू गेलं तर फेसाबरोबर हॉप्सही जातात आणि बिअरचा कडवटपणा कमी पडतो. त्यानंतर तासाभराचं काम निवांत असतं.

तरीही सांडलंच, तर शेगडी बंद करून कॉइल पूर्ण गार होऊ द्या, पण रात्रभर तसंच सोडू नका. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास ठेवलं की साखर सुटते. वाळून पुन्हा तापली की काळी पडून चिकटते आणि पुढचे कित्येक दिवस घरभर करपल्याचा वास येत राहतो.