नवीन छप्पर झालं, आता हीटिंग चालू करू का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, नुकतंच छप्पर बदलून घेतलं, थंडी सुरू होतेय तर फर्नेस (घर गरम करणारं यंत्र) चालू करण्याआधी काही बघायला हवं का?

उत्तर: हो, नक्की बघा, टाळू नका. वर दिवसभर ठोकाठोक चालते ना, त्यात गॅस फर्नेस आणि वॉटर हीटरच्या धुराड्याचा पाइप अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या पोकळीत) जोडावर सरकू शकतो, मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरातच साठतो आणि त्याला ना रंग ना वास. टॉर्च घेऊन एकेक जोड बघा. साधा हूडवाला (टाकीच्या वर, धुराड्याच्या पाइपखाली उघडी टोपी असलेला) वॉटर हीटर असेल तर (गॅसचा वास येत नाहीये ना ते आधी बघून) तो चालू करा, काही मिनिटांनी हूडच्या कडेला उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे, बाहेर आला तर लगेच बंद करून टेक्निशियनला बोलवा. प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर हवाच, वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं आणि मग 911.

बाथरूमच्या फॅनचा पाइपही बरेचदा निघून पडलेला असतो, मग वाफ अ‍ॅटिकमध्ये जाऊन बुरशी धरते. फर्नेसचा पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर जात असेल तर छपराच्या कामाने त्याला सहसा काही होत नाही, तरी तोंडाशी जुने शिंगल्स (छपरावरच्या पट्ट्या), कचरा अडकलाय का बघून घ्या.